गाडी गेली, नाव राहिलं : ठाणे आणि नवी मुंबईतील मोटार विक्रेत्यांना खुले पत्र

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबईतील सर्व मोटार विक्रेते,
तसेच एक्सचेंजचं काम पाहणारे त्यांचे व्यवस्थापक

सप्रेम नमस्कार.

गेल्या दसऱ्याला, २ ऑक्टोबर २०२५ रोजी, तुमच्यापैकी एका शोरूममधून आम्ही नवी गाडी घेतली आणि १३ वर्षं वापरलेली जुनी गाडी तिथेच एक्सचेंजला दिली. नव्या गाडीबद्दल माझी काही तक्रार नाही. सांगितलेल्या दिवशी मिळाली, व्यवस्थित मिळाली. हे पत्र जुन्या गाडीबद्दल आहे. ती आमच्या हातून गेली त्याला चार महिने होत आले, आणि आरटीओच्या नोंदीत ती आजही माझ्या सासऱ्यांच्या नावावर आहे.

शोरूमचं नाव मी लिहीत नाही. सोसायटीत विचारपूस केली तेव्हा कळलं, की वेगवेगळ्या कंपन्यांच्या शोरूममध्ये गाडी दिलेल्या लोकांचंही असंच झालं आहे. कुणाचं नाव दीड महिन्याने उतरलं, कुणाचं सात महिन्यांनी. एका काकूंनी तर कधी तपासलंच नव्हतं. त्यांच्या मोबाइलवर काढून पाहिलं, तर दोन वर्षांपूर्वी दिलेली गाडी अजून त्यांच्या दिवंगत यजमानांच्या नावावर निघाली. एकाच शोरूमची चूक असती तर मी तिथेच जाऊन भांडले असते. ही तुम्हा सगळ्यांची रीत झाली आहे, म्हणून पत्र सगळ्यांना.

माझे सासरे, आम्ही त्यांना नाना म्हणतो, आता ७९ वर्षांचे आहेत. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये त्यांनी ३१ वर्षं काम केलं. मोजून मापून काम करायची सवय तिथली. २०१२ च्या दसऱ्याला, २४ ऑक्टोबरला, जपून ठेवलेल्या पैशांतून त्यांनी पेट्रोल वॅगनआर घेतली आणि त्याच दिवशी तिच्या नावाने एक दोनशे पानी वही घातली. पेट्रोल भरलं की तारीख, लिटर, रुपये, किलोमीटर. चाकात हवा भरली तरी नोंद. सर्व्हिसिंगची बिलं मागच्या पानांना टाचलेली. दर वर्षी गणपतीला आम्ही त्या गाडीने चिपळूणच्या पुढे गावी जायचो. वडखळला अडकायचो, माणगावला अडकायचो. कशेडीच्या बोगद्यातून पहिल्यांदा गेलो तेव्हा नानांनी घाटाला लागायचा वेळ आणि बोगद्याला लागलेला वेळ शेजारी शेजारी लिहून ठेवला. माझी धाकटी लेक सात वर्षांची असताना तिने मागच्या काचेच्या कोपऱ्यात एक नारिंगी ऑक्टोपस चिकटवला होता. उन्हाने त्याचे दोन पाय उडाले, तरी नानांनी तो कुणाला खरवडू दिला नाही.

तुमच्या मूल्यांकन करणाऱ्या मुलाने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, बॉनेट उघडलं, दारांच्या रबराखाली बोट घालून पत्रा पुन्हा रंगवलाय का ते पाहिलं आणि 'फर्स्ट ओनर, नॉन-ॲक्सिडेंटल, ठाणे पासिंग' असं फॉर्मवर लिहिलं. ते बरोबरच होतं. तेवढ्याच नोंदीची किंमत बाजारात मिळते, हे आम्हालाही समजतं.

गाडी बदलायची वेळ खरंच आली होती. मे महिन्यात गावाहून परतताना पोलादपूरच्या अलीकडे इंजिन इतकं तापलं, की दोन तास रस्त्याकडेला बसावं लागलं. घोडबंदर रोडवर मेट्रोची कामं सुरू झाल्यापासून क्लच प्लेट दोनदा बदलून झाली होती. कोलबाडच्या गॅरेजमधले आमचे नेहमीचे मेकॅनिक म्हणाले, "ठाण्यातल्या ठाण्यात अजून चालेल वहिनी, पण घाटात नेऊ नका." त्यातच थोरल्या मुलीला १८ पूर्ण होऊन लायसन्स मिळालं. त्या गाडीत एअरबॅग नव्हत्या, जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारं एबीएस नव्हतं. एबीएस नव्या मोटारींना २०१९ पासून सक्तीचं झालं आणि पुढच्या दोन्ही सीटच्या एअरबॅग २०२२ पासून. आमची गाडी त्याच्या कितीतरी आधीची. नव्याने गाडी शिकलेल्या मुलीच्या हाती ती द्यायला माझं मन होईना.

आम्ही तीन शोरूम पाहिली, दोन ठाण्यात आणि एक तुर्भ्याला. त्यातल्या दोन ठिकाणी आम्हाला सांगण्यात आलं, की १५ वर्षं झाली की गाडी सरकार भंगारात काढतं, म्हणून आत्ताच द्या, पुढे काही मिळणार नाही. हे कृपा करून थांबवा. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते हे खरं, पण त्यानंतर आरटीओत तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. १ एप्रिल २०२२ पासून त्याची फी वाढून ५,००० रुपये झाली. दिल्लीतल्या जुन्या गाड्यांवरच्या बंदीच्या बातम्या ऐकवून ठाण्यातल्या म्हाताऱ्या माणसाला घाबरवू नये. नाना त्या रात्री मला विचारत होते, "म्हणजे २०२७ ला ही उचलून नेतील का ग?"

किमतीचं मी थोडक्यात सांगते, कारण पत्राचा विषय तो नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा कर सेससकट २९ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. आठ लाखांची गाडी त्यामुळे साधारण ७ लाख ३२ हजारांवर येते. ती कपात आम्हाला पुरेपूर मिळाली, त्याबद्दल आभार. पण ऑन-रोडच्या कागदावर हँडलिंग चार्ज म्हणून ६,५०० रुपये लावले होते. हे कशाचे, असं विचारलं तेव्हा लगेच काढून टाकले. विचारणाऱ्याला माफ आणि न विचारणाऱ्याला लागू, अशी रक्कम बिलात असता कामा नये. विमा आमच्याकडूनच घ्यावा लागेल, असंही सांगितलं गेलं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार, एक वस्तू देण्यासाठी दुसरी वस्तू किंवा सेवा घ्यायची अट घालणं ही प्रतिबंधक व्यापारी प्रथा ठरते. विमा नियामकाचे शोरूममधल्या विमाविक्रीबद्दलचे नियमही नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहेत. आम्ही विमा बाहेरून घेतला. जुन्या गाडीवर नानांना ५० टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दलची हप्त्यातली सूट, होता, पण तो बोनस माणसाचा असतो, गाडीचा नव्हे. नवी गाडी माझ्या यजमानांच्या नावावर घेतल्याने तो त्यांना लावता आला नाही. गाडी कुणाच्या नावावर घ्यायची हे ठरण्याआधी तुमच्याकडच्या कुणी हे एक वाक्य सांगितलं असतं, तर आम्ही विचार केला असता.

आता दसऱ्याच्या दिवसाबद्दल.

त्या दिवशी तुम्ही २६ नव्या गाड्या गिऱ्हाइकांच्या ताब्यात देणार होता. दारावर झेंडूची तोरणं, प्रत्येक गाडीवर लाल साटीनचं कापड. आमची वेळ बाराची होती. गुरुजी होते, नारळ होता, चारही चाकांखाली लिंबं. मुलींनी कापड ओढलं तेव्हा तुमच्या सगळ्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. तो आनंद खरा होता, त्यात मी काही कमी करत नाही. आम्हाला गाडी दाखवणारा मुलगा दिव्याहून येतो. सकाळी सातपासून उभा होता, तरी आमच्या मुलींसाठी त्याने स्वतः पेढे आणून ठेवले होते. माझी तक्रार त्याच्यावर नाही.

याच वेळी, काचेच्या भिंतीपलीकडच्या एका टेबलावर नाना बसले होते. त्यांच्यापुढे एक्सचेंजच्या फॉर्मचा गठ्ठा होता. गाडी विकल्याचं कळवणाऱ्या फॉर्म २९ च्या दोन प्रती, नाव बदलण्याच्या अर्जाचा फॉर्म ३०, एक प्रतिज्ञापत्र आणि आणखी काही. प्रत्येकावर पेन्सिलीने फुली केलेली. तिथल्या माणसाने सांगितलं, "काका, फुली आहे तिथे सही करा." नानांनी चश्मा पुसला आणि पहिला फॉर्म वाचायला घेतला. गाडी कुणाला विकली ती जागा कोरी. तारीख कोरी. किंमत कोरी.

"इथे नाव कुणाचं येणार?" नानांनी विचारलं.

"ते नंतर भरतो काका."

"आणि तारीख?"

"तीपण."

नाना म्हणाले, "कोऱ्या कागदावर सही करायची नसते." तेवढ्यात माझे यजमान आत गेले आणि म्हणाले, "नाना, सगळे असंच करतात. मुहूर्त टळतोय." मीही दारातून हाक मारली, की चला, गुरुजी खोळंबलेत. या गोष्टीत आमचाही दोष आहे आणि तो मी लपवणार नाही. नानांनी सात सह्या केल्या. मग त्यांनी एकच गोष्ट मागितली, गाडी मिळाल्याची पोच. उत्तर आलं, "सिस्टिममध्ये आहे काका, मेसेज येईल." मेसेज आला नाही. नानांनी मागच्या फाटकापाशी जाऊन मीटर पाहिला आणि वहीत लिहिलं: '२ ऑक्टोबर, दुपारी १२.४०, १,१२,४६८ किमी, गाडी सुपूर्द.' गाडी दिल्याचा कोणाच्याही सही-शिक्क्याचा कागद आमच्याकडे नाही. आहे ती ही ओळ.

९ ऑक्टोबरला सकाळी नानांच्या फोनवर फास्टॅगचा मेसेज आला. पडघ्याच्या टोल नाक्यावर पैसे कापले गेले. तासाभराने घोटीच्या नाक्याचा मेसेज. गाडी नाशिककडे चालली होती, नानांच्या पैशांनी. टॅग बंद करायचा राहिला ही चूक आमची, तो त्याच दिवशी बंद केला. शोरूमला फोन केला तर सांगितलं, "पार्टीला दाखवायला नेली असेल." कुठली पार्टी, हे कुणी सांगू शकलं नाही.

२३ ऑक्टोबरला जुन्या गाडीच्या विम्याची मुदत संपली. गाडी आमच्याकडे असती तर नानांनी आठ दिवस आधीच हप्ता भरला असता. आता भरायचा कुणी? मी एमपरिवाहन या सरकारी ॲपवर गाडीचा नंबर टाकून पाहू लागले. मालकाचं नाव तिथे अर्धं झाकलेलं दिसतं, पण आपल्या घरचं नाव आपल्याला चार अक्षरांवरून ओळखू येतं. नाव नानांचंच. विम्याच्या पुढे तीच तारीख, २३ ऑक्टोबर. नोव्हेंबर गेला तरी तीच.

डिसेंबरच्या मध्यावर ई-चलान आलं. घोटी-सिन्नर रस्त्यावर वेगमर्यादा ओलांडल्याचं. नानांना आयुष्यात कधी दंड झालेला नाही. त्यांनी मला चलानाचा फोटो मोठा करून दाखवायला सांगितलं. रस्त्याची कडा, गाडीची मागची बाजू, नंबर प्लेट, आणि काचेच्या कोपऱ्यात सहा पायांचा नारिंगी ऑक्टोपस. धाकटीने तो पाहिला आणि ती खोलीतून निघून गेली.

त्या रात्रीपासून नानांची झोप उडाली आहे. दंडाच्या रकमेची त्यांना चिंता नाही. ते एकच विचारतात, "कुणाला लागलं तर?" मी त्यांना समजावत राहिले, की गाडी आपण दिली, आता आपला काय संबंध. मग वाचायला घेतलं, आणि नानांची भीती खरी निघाली.

मोटार वाहन कायद्यात मालक म्हणजे ज्याच्या नावावर नोंदणी आहे तो. सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच स्पष्ट केलं. त्या प्रकरणात गाडी विकल्यावर एकामागून एक हातांत गेली होती. नोंदणीत मात्र पहिल्याचंच नाव होतं. अपघातात एका लहान मुलाचा जीव गेला. भरपाईची जबाबदारी नोंदणीत ज्याचं नाव होतं त्याच्यावर आली. गाडी आपण आधीच विकली होती, हे त्याचं म्हणणं कामी आलं नाही. आमच्या गाडीला तर चलानाच्या दिवशी विमाही नव्हता. म्हणजे सिन्नरच्या रस्त्यावर त्या वेगात काही घडलं असतं, तर भरपाईसाठी विमा कंपनी उभी राहिली नसती. उभे राहिले असते ७९ वर्षांचे नाना, पेन्शनच्या पासबुकासकट.

तुम्ही असं का करता, हेही मी समजून घेतलं. जुनी गाडी तुम्ही आपल्या नावावर करून घेतली, तर आरसीवर एक मालक वाढतो. पुढच्या गिऱ्हाइकाला ती 'सेकंड ओनर' ऐवजी 'थर्ड ओनर' म्हणून विकावी लागते आणि भाव पडतो. म्हणून कोऱ्या सह्यांचे फॉर्म ब्रोकरकडे जातात, त्याच्याकडून दुसऱ्या ब्रोकरकडे, आणि शेवटचा खरेदीदार सापडेपर्यंत गाडी पहिल्या मालकाच्या नावावर फिरत राहते. तो सापडल्यावरही नाव लागायला चालू विमा हवा, पीयूसी हवं, थकलेलं चलान भरलेलं हवं. आमची गाडी नेमकी इथेच अडकली आहे. शोरूमने पाचव्या फोनला ब्रोकरचा नंबर दिला. तो म्हणाला, गाडी एका शेतकऱ्याला दिली, विमा काढला की नाव लावून घेईल. विमा कधी काढणार, ते त्याला माहीत नव्हतं.

आधी या अडचणीला कायद्यात नीट वाट नव्हती. आता आहे, आणि माझ्या पत्राचं सगळं वजन या एका गोष्टीवर आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. नोंदणी झालेल्या, म्हणजे जुन्या गाड्यांचा व्यवहार करणाऱ्याने नोंदणी प्राधिकाऱ्याकडून अधिकारपत्र घ्यायचं. मालकाने गाडी अशा विक्रेत्याच्या ताब्यात दिली, की तसं कळवणारा फॉर्म २९-सी सरकारी पोर्टलवर भरायचा आणि त्याची पोच निघते. तिथून पुढे त्या गाडीचा मानीव मालक, म्हणजे नोंदणीत नाव नसलं तरी कायदा ज्याला मालक मानतो तो, विक्रेता. गाडीची, कागदपत्रांची आणि गाडीमुळे जे घडेल त्याची जबाबदारी त्याची. नोंदणीचं नूतनीकरण, फिटनेस, एनओसी, नाव बदलणं, यासाठी अर्ज करायचा अधिकारही त्याला मिळतो. गाडी रस्त्यावर आणायची तर ट्रायल, दुरुस्ती, रंगकाम, तपासणी अशा कामांपुरतीच, आणि प्रत्येक फेरीची नोंद इलेक्ट्रॉनिक रजिस्टरमध्ये. कोण चालवत होतं, कशासाठी, किती किलोमीटर. नानांनी १३ वर्षं कुणी न सांगता जे केलं, तेच नियम आता तुम्हाला करायला सांगतो.

आणि यात आरसीवर मालक वाढत नाही. गाडी विकेपर्यंत तुम्ही मानीव मालक राहता, विकली की नाव थेट नव्या खरेदीदाराचं लागतं. म्हणजे कोऱ्या फॉर्मवर सही घेण्यामागे भाव पडण्याचं जे कारण होतं, तेही उरलं नाही.

नव्या गाडीच्या बाबतीत तुम्ही किती शिस्त पाळता ते मी पाहिलं आहे. नंबर लागल्याशिवाय नवी गाडी ताब्यात द्यायची नाही, असं कायदा सांगतो. दसऱ्याच्या गर्दीतही तुम्ही आमची गाडी चार दिवस आधी नोंदवून, हाय सिक्युरिटी प्लेट लावून तयार ठेवली होती. मुहूर्त कितीही जवळ आला असता तरी प्लेटशिवाय गाडी दिली नसती, असं तुमच्या मॅनेजरनी आम्हाला अभिमानाने सांगितलं. तो अभिमान योग्यच होता. काचेच्या भिंतीपलीकडच्या टेबलावर तीच शिस्त आणा, एवढंच माझं मागणं आहे.

नव्या गाडीची किल्ली देण्याआधी जुन्या गाडीच्या २९-सी ची पोच मालकाच्या हातात द्या. तुमच्या शोरूमला अधिकारपत्र असेल तर ते एक्सचेंजच्या टेबलामागे भिंतीवर लावा. नसेल तर ग्राहकाला आधीच स्पष्ट सांगा, की आम्ही गाडी घेत नाही, अमुक अधिकृत विक्रेता घेतो, आणि त्याच्या नावाने फॉर्म भरून घ्या. कोऱ्या फॉर्मवर सही मागू नका. मागितली आणि कुणा म्हाताऱ्या माणसाने 'इथे नाव कुणाचं?' असं विचारलं, तर त्याला घाई करू नका. तो बरोबर विचारतो आहे. ताब्याची तारीख, वेळ आणि मीटरचा आकडा लिहिलेला, सही-शिक्क्याचा कागद द्या. फास्टॅग बंद केला का, थकलेलं चलान आहे का, विमा कधी संपतो, हे तिथेच मालकासमोर पाहा. दहा मिनिटांचं काम आहे. गुरुजींच्या पूजेला याहून जास्त वेळ लागतो आणि आम्ही आनंदाने थांबतो.

परिवहन कार्यालयातल्या अधिकाऱ्यांपर्यंत हे पत्र पोचलं तर त्यांनाही विनंती आहे. माजिवड्यापासून तुर्भ्यापर्यंत ज्या ज्या शोरूममध्ये 'एक्सचेंज' अशी पाटी आहे, तिथे जाऊन अधिकारपत्र आणि फेऱ्यांचं रजिस्टर पाहायला मागा.

आणि गाडी देणाऱ्या घरांनाही सांगते, कारण आम्ही हे उशिरा शिकलो. गाडी त्याच राज्यात विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत. दुसऱ्याच्या भरवशावर तो दिवस घालवू नका. आम्ही आता नानांच्या सहीने ठाणे आरटीओला, विमा कंपनीला आणि शोरूमला स्पीड पोस्टाने पत्रं पाठवली आहेत, सोबत वहीच्या त्या पानाची आणि टोलच्या दोन्ही मेसेजची प्रत जोडली आहे. चलानाविरुद्ध महाट्रॅफिकच्या ॲपवर तक्रार नोंदवली आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद झाली आहे. फेब्रुवारीअखेर नाव उतरलं नाही, तर ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जायची तयारी ठेवली आहे. त्याआधी हे पत्र, कारण आयोगात फक्त आमच्या एका गाडीचा निकाल लागेल.

नाना हल्ली दुपारी वही काढून बसतात. गाडीचं शेवटचं पान उघडतात. २ ऑक्टोबरच्या नोंदीखाली त्यांनी टोलच्या दोन नोंदी केल्या आहेत, त्याखाली चलानाची तारीख, आणि त्याखाली पट्टीने एक रेघ मारून लिहिलं आहे: 'नाव उतरले, दिनांक'. त्यापुढची जागा कोरी आहे. ती तुम्ही भरायची आहे.

कळावे,

ठाणे पासिंगच्या एका २०१२ च्या वॅगनआरच्या
कागदोपत्री मालकांची सून

ठाणे, जानेवारी २०२६